अमेरिकेतली वैयक्तिक दिवाळखोरी आणि वकील: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती अमेरिकेत राहणाऱ्या आणि तिथेच कर्जात अडकलेल्या मराठी कुटुंबांसाठी आहे. दिवाळखोरीचा कायदा तिथे फेडरल (केंद्रीय) आहे, पण घर, गाडी, दागिने यांतलं किती वाचतं हे पुष्कळदा राज्यावर ठरतं. खालच्या फेडरल मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या आहेत आणि त्या दर तीन वर्षांनी बदलतात. तुमच्या प्रकरणाचा सल्ला मात्र तुमच्या राज्यातला वकीलच देऊ शकतो.

वकील नेमकं करतो काय? फॉर्म तर ऑनलाइन मिळतात.

फॉर्म भरणं हा त्यातला सोपा भाग. वकिलाची फी वसूल होते ती तीन निर्णयांत: कुठला चॅप्टर (म्हणजे दिवाळखोरी कायद्याचं कुठलं प्रकरण, ७ की १३), अर्ज कोणत्या महिन्यात आणि कुठली वस्तू कोणत्या सवलतीखाली (म्हणजे विकली न जाणाऱ्या मालमत्तेत) दाखवायची.

महिन्याला इतकं महत्त्व का, ते पाहा. चॅप्टर ७ ला पात्र ठरण्यासाठी ‘मीन्स टेस्ट’ असते. तिच्यात अर्जाच्या आधीच्या पूर्ण सहा कॅलेंडर महिन्यांचं सरासरी उत्पन्न धरतात आणि राज्यातल्या तेवढ्याच माणसांच्या कुटुंबाच्या मध्यम उत्पन्नाशी ताडून पाहतात. समजा पगार महिना ९,००० डॉलर होता आणि ३१ मे रोजी नोकरी गेली. जूनमध्ये अर्ज केला तर डिसेंबर ते मे हे सहाही महिने पगाराचे. सरासरी ९,०००, म्हणजे वर्षाचे १,०८,०००. तोच अर्ज सप्टेंबरमध्ये केला तर मार्च ते ऑगस्ट मोजले जातात. तीन महिने पगार, तीन महिने शून्य. सरासरी ४,५००, वर्षाचे ५४,०००. माणूस तोच, कर्ज तेच, पण जूनमध्ये अडकला असता तो सप्टेंबरमध्ये सुटतो. कंपनीने मधल्या काळात सेव्हरन्स (नोकरी जाताना मिळणारी रक्कम) दिला असेल तर तोही धरावा लागतो, म्हणून तारखा वकिलाला नीट सांगा.

सरासरी मध्यम उत्पन्नापेक्षा जास्त निघाली म्हणून लगेच अपात्र ठरत नाही. दुसरा, लांबलचक फॉर्म असतो. त्यात कर, विमा, गाडीचे हप्ते, मुलांचं पाळणाघर असे खर्च वजा होतात. भारतातल्या वृद्ध किंवा आजारी आईवडिलांना पाठवलेली रक्कमही काही अटींवर धरता येते. ते स्वतःचा खर्च भागवू शकत नसले पाहिजेत आणि पैसे नियमित पाठवल्याचा पुरावा हवा. हा रकाना स्वतःहून अर्ज भरणाऱ्यांच्या हातून हमखास सुटतो.

चॅप्टर ७ आणि चॅप्टर १३ यांत फरक काय?

चॅप्टर ७ मध्ये सवलतीबाहेरची मालमत्ता ट्रस्टी (प्रकरणासाठी नेमलेला माणूस) विकतो, पैसे देणेकऱ्यांत (ज्यांचे पैसे तुम्ही देणं आहात त्यांच्यात) वाटतो आणि क्रेडिट कार्ड, हॉस्पिटलची बिलं, वैयक्तिक कर्ज यांतलं उरलेलं माफ होतं. याला डिस्चार्ज म्हणतात. बहुतेक प्रकरणांत विकण्याजोगं काही निघतच नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत साधारण चार महिने लागतात.

चॅप्टर १३ मध्ये मालमत्ता तुमच्याकडेच राहते, पण उत्पन्नातून तीन ते पाच वर्षं दरमहा ट्रस्टीकडे हप्ता भरावा लागतो. घराचे हप्ते थकलेत आणि घर वाचवायचंय, उत्पन्न जास्त आहे किंवा विकली जाईल अशी मालमत्ता आहे, त्यांच्यासाठी हा मार्ग. विनातारण कर्ज ५,२६,७०० आणि तारणी कर्ज १५,८०,१२५ डॉलरच्या आत हवं. पहिला हप्ता अर्जापासून ३० दिवसांत सुरू होतो, योजना मंजूर व्हायची वाट पाहायची नसते. एच-१बी वर असलेल्यांनी एक लक्षात ठेवावं: योजना पाच वर्षांची आणि नोकरी गेल्यावर अमेरिकेत राहायची मुदत ६० दिवसांची. उत्पन्न थांबलं की योजना कोलमडते. मग चॅप्टर ७ मध्ये बदल करून घेता येतो, पण तोपर्यंत भरलेले हप्ते गेलेले असतात.

वकिलाला कधी गाठावं?

किमान हप्ता भरायला दुसरं कार्ड वापरावं लागलं, त्या महिन्यात. पहिली भेट बहुतेक ठिकाणी मोफत असते आणि भेटलात म्हणजे अर्ज केलाच पाहिजे असं नाही.

प्रकरणं बिघडतात ती वकिलाकडे जाण्याआधीच्या वर्षभरात, आणि बिघडवणारी माणसं लबाड नसतात. उलट आधी घरच्यांचे पैसे देऊन टाकू, मग बाकीच्यांचं बघू, असा सरळ विचार करणारी असतात.

मग भेटेपर्यंत काय करू नये?

मेहुण्याचे हातउसने पैसे फेडू नका. भाऊ, बहीण, आईवडील, सासरे, मामा, मेहुणे हे कायद्याच्या भाषेत ‘इनसायडर’. अर्जाआधीच्या एका वर्षात त्यांना केलेली परतफेड ट्रस्टी त्यांच्याकडून परत मागू शकतो. इतर देणेकऱ्यांसाठी ही मुदत ९० दिवसांची आहे. मेहुण्याला दिलेले ८,००० डॉलर परत मागणारी नोटीस मेहुण्याच्याच घरी जाते. पैशापेक्षा नात्याचं नुकसान मोठं होतं. डिस्चार्ज मिळाल्यावर मात्र स्वखुशीने कोणाचंही देणं फेडायला कायद्याची आडकाठी नाही.

४०१(के), म्हणजे नोकरीतली निवृत्तीची बचत, मोडून कार्डांची बिलं भरू नका. ते पैसे दिवाळखोरीत जवळजवळ पूर्ण सुरक्षित असतात. वय साडेएकोणसाठच्या आत असेल तर मोडल्यावर कर आणि वर सहसा १० टक्के दंड. हे सगळं कशासाठी, तर चार महिन्यांत माफ होणारं कर्ज फेडण्यासाठी.

कार्ड वापरणं थांबवा. अर्जाआधीच्या ९० दिवसांत एकाच देणेकऱ्याकडून ९०० डॉलरपेक्षा जास्त चैनीची खरेदी किंवा ७० दिवसांत १,२५० डॉलरपेक्षा जास्त रोख उचल झाली, तर ती फेडायचा इरादाच नव्हता असं गृहीत धरतात. भारताची विमानाची तिकिटं चैन की गरज, यावर वाद होऊ शकतो. आईच्या आजारपणासाठी गेला असाल तर कागद ठेवा.

घर, गाडी, फ्लॅट कोणाच्याही नावावर करू नका. फेडरल कायदा दोन वर्षं मागे जाऊन असे व्यवहार तपासतो. बऱ्याच राज्यांचा कायदा चार वर्षं मागे जातो.

आणि ज्या बँकेचं कार्ड थकलंय त्याच बँकेत पगार जमा होत असेल, तर वकिलाला विचारून दुसऱ्या बँकेत खातं उघडा. अर्ज दाखल झाल्याचं कळताच काही बँका खातं गोठवतात. दोन्ही खाती अर्जात दाखवायची असतात.

फी किती? कर्जात असताना ती द्यायची कशी?

न्यायालयाची फी चॅप्टर ७ साठी ३३८ डॉलर, चॅप्टर १३ साठी ३१३. चॅप्टर ७ ची फी चार हप्त्यांत भरायची परवानगी मागता येते. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १५० टक्क्यांच्या आत असेल तर माफीही मागता येते. दोन सक्तीच्या ऑनलाइन वर्गांचे प्रत्येकी साधारण १० ते ५० डॉलर. वकिलाची फी साध्या चॅप्टर ७ साठी साधारण १,००० ते २,५०० आणि चॅप्टर १३ साठी ३,००० ते ६,००० डॉलरच्या घरात असते. मोठ्या शहरांत आणि भारतातल्या मालमत्तेची गुंतागुंत असेल तर जास्त.

चॅप्टर ७ चे वकील फी आधीच मागतात, यात हावरटपणा नाही. अर्जाच्या दिवशी बाकी असलेली त्यांची फीसुद्धा एक कर्जच ठरते आणि बाकीच्या कर्जांबरोबर माफ होते. चॅप्टर १३ मध्ये बराचसा भाग मासिक हप्त्यातून वळता होतो. फी कार्डावर भरायचं सुचवणाऱ्या वकिलाकडून उठून या. दिवाळखोरीच्या सल्ल्यासाठी नवं कर्ज काढायला सांगणं वकिलाला कायद्याने मना आहे.

चांगला वकील कसा ओळखायचा?

राज्याच्या बार असोसिएशनच्या संकेतस्थळावर नाव टाकून परवाना चालू आहे का, शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, ते पाहा. मग चार प्रश्न विचारा. महिन्याला अशी किती प्रकरणं दाखल करता? ट्रस्टीसमोरच्या बैठकीला तुम्ही स्वतः येणार की दुसऱ्याला पाठवणार? परदेशातली मालमत्ता असलेलं प्रकरण हाताळलंय का? फीत काय येतं आणि काय नाही? शेवटच्याचं उत्तर लेखी हवं. पहिली सेवा दिल्यापासून पाच कामकाजी दिवसांत लेखी करार करणं वकिलावर बंधनकारक आहे. एखाद्या देणेकऱ्याने स्वतंत्र दावा लावला तर तो सहसा फीबाहेर असतो, हे आधीच माहीत असलेलं बरं.

इमिग्रेशनचं काम करणारा ओळखीचा वकील ‘हेही करून देतो’ म्हणाला तर नको. मराठी किंवा भारतीय वकील असावा का? सातबारा म्हणजे काय हे समजावत बसावं लागत नाही, एवढा फायदा. पण रोज याच न्यायालयात उभा राहणारा अमेरिकन वकील केव्हाही जास्त उपयोगाचा.

स्वस्तात फॉर्म भरून देणारे ‘पिटिशन प्रिपेअरर’ वकील नसतात. त्यांना फक्त टाइप करून द्यायची परवानगी आहे, कुठली सवलत निवडायची हे सांगायची नाही. ते सांगतातच, आणि चूक निघाली की सही तुमची असते.

डेट सेटलमेंट कंपनी बरी नाही का?

एक-दोनच कर्जं आणि हातात एकरकमी पैसा असेल तर तडजोड जमू शकते. एरवी या कंपन्या कार्डांचे हप्ते थांबवायला लावतात, पैसे वेगळ्या खात्यात जमवतात आणि तेवढ्यात एखादा देणेकरी कोर्टात जातोच. फोनवरून गिऱ्हाईक मिळवणाऱ्या कंपनीने एकही कर्ज मिटवण्याआधी फी घेणं २०१० पासून फेडरल नियमाने बंद आहे. कोणी आगाऊ मागत असेल तर तिथेच थांबा. शिवाय तडजोडीत सोडलेली रक्कम तुमचं उत्पन्न समजली जाते, १०९९-सी (सोडलेल्या कर्जाची माहिती देणारा कराचा फॉर्म) येतो आणि त्यावर कर लागू शकतो. दिवाळखोरीत माफ झालेल्या कर्जावर कर नाही. तरीही १०९९-सी आलाच तर कर विवरणासोबत फॉर्म ९८२ जोडायचा.

पहिल्या भेटीला काय न्यावं?

सहा महिन्यांच्या पे-स्टब, चार वर्षांची कर विवरणं, सगळ्या खात्यांची सहा महिन्यांची स्टेटमेंट (त्यात वेन्मो, झेल, वाइज, रेमिटली आलेच), तिन्ही क्रेडिट ब्युरोंचे अहवाल, कोर्टाच्या नोटिसा, घराचं आणि गाडीचं कर्जपत्र, विमा. भारताकडचे कागद: एनआरई-एनआरओ खाती, मुदत ठेवी, पीपीएफ, एलआयसीच्या पॉलिसी, डीमॅट, फ्लॅटचा करारनामा आणि इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, जमीन असेल तर सातबारा, आठ-अ आणि फेरफार. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर पुढे लागेल.

क्रेडिट अहवालात न दिसणारी देणी वेगळ्या कागदावर लिहा: भिशीचे उरलेले हप्ते, मित्राकडून घेतलेले पैसे, भारतातल्या पतसंस्थेचं कर्ज. भिशी अजून उचलली नसेल तर तोवर भरलेले पैसे ही तुमची मालमत्ता आणि उचलली असेल तर पुढचे हप्ते हे देणं. दोन्ही दाखवायचं.

पुण्यातला फ्लॅट अमेरिकेच्या कोर्टाला कशाला सांगायचा?

कारण कायद्याचे शब्दच ‘कुठेही असलेली आणि कोणाच्याही ताब्यात असलेली’ मालमत्ता असे आहेत. अर्जावर खोट्या साक्षीच्या शिक्षेची जाणीव ठेवून सही करायची असते. मालमत्ता लपवली तर डिस्चार्ज नाकारला जातो. कर्ज तसंच राहतं, शिवाय हा फेडरल गुन्हा आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. ‘त्यांना कसं कळणार?’ याचं उत्तर तुमच्याच कागदांत असतं: १०४० या कर विवरणातलं परदेशी खात्यांबद्दलचं उत्तर, १०,००० डॉलरच्या वर एकूण शिल्लक गेल्यावर भरायचा एफबार (परदेशी खात्यांचा अहवाल), भाड्याचं उत्पन्न, दरमहा भारतात जाणारा ईएमआय. एफबार भरायचे राहिले असतील तर अर्जाआधी वकिलाला सांगा. वकिलाला सांगितलेलं गोपनीय राहतं, पण खोट्या अर्जावर तो सही करणार नाही.

फ्लॅट दाखवला म्हणजे गेला असंही नाही. ट्रस्टीला विक्रीच्या रकमेवर कमिशन मिळतं, पहिल्या ५,००० डॉलरवर २५ टक्क्यांपर्यंत आणि पुढे उतरत्या दराने, म्हणून तो हिशेब जरूर करतो. पण भारतातला फ्लॅट अमेरिकेत बसून विकणं म्हणजे पॉवर ऑफ ॲटर्नी, भांडवली नफ्यावरचा कर, टीडीएस, सहहिश्शेदारांची संमती, पैसे बाहेर काढायचे फॉर्म. हिस्सा लहान असेल तर ट्रस्टी नाद सोडतो किंवा ठरावीक रक्कम घेऊन तो हिस्सा तुम्हालाच ठेवू देतो. ही रक्कम कमी करून घेणं हे वकिलाचं काम. आपल्या राज्यात फेडरल सवलती निवडता येत असतील (न्यू जर्सीत येतात, कॅलिफोर्नियात नाही) तर १,६७५ डॉलरची ‘वाइल्डकार्ड’ सवलत आणि घरासाठीच्या सवलतीतले न वापरलेले १५,८०० डॉलरपर्यंत अशा कुठल्याही मालमत्तेला लावता येतात. नवरा-बायको दोघांनी मिळून अर्ज केला तर दुप्पट.

चॅप्टर १३ मध्ये फ्लॅट विकला जात नाही, पण हप्ता वाढतो. चॅप्टर ७ मध्ये देणेकऱ्यांना जेवढं मिळालं असतं, किमान तेवढं योजनेत द्यावंच लागतं. विक्रीखर्च, कर, सवलत वजा जाता तुमच्या हिश्श्याचे ४८,००० डॉलर उरत असतील, तर ६० महिन्यांत दरमहा ८०० त्यापायीच आणि ट्रस्टीचं कमिशन वर.

फ्लॅट आईचाच आहे, माझं नुसतं नाव लावलंय. तरी दाखवायचा?

दाखवायचाच, पण तसं लिहून. पैसे कोणी दिले, कर्ज कोण फेडतं, राहतं कोण, भाडं कोणाच्या खात्यात जातं, याचे कागद जोडले तर तुमच्याकडे केवळ कागदोपत्री मालकी आहे आणि खरा हक्क आईचा, असा मुद्दा मांडता येतो. आईच्या खात्यातून बिल्डरला गेलेल्या पैशांची बँकेची नोंद हा सर्वांत भक्कम पुरावा. उलट ईएमआय तुमच्या एनआरई खात्यातून जात असेल तर हा मुद्दा टिकणं अवघड. करबचतीसाठी त्याच फ्लॅटचं व्याज स्वतःच्या विवरणात दाखवलं असेल तर जवळजवळ अशक्य.

वडिलोपार्जित शेतजमीन आहे, वाटणी झालेली नाही. मुलींचाही प्रश्न येतो का?

येतो. वडिलांची स्वकष्टार्जित मालमत्ता ते हयात असताना तुमची नसते, ती दाखवायची गरज नाही. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मात्र जन्माने हिस्सा येतो. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींनाही मुलांइतकाच. तेव्हा माहेरच्या सातबाऱ्यावर नाव नसलं तरी वकिलाला सांगायचं. न वाटलेल्या हिश्श्याची किंमत अंदाजाने, कारण देऊन लिहितात. बाजारभावाचा सरळ भागाकार करू नका. कूळ, वहिवाट, भावकीचे दावे यांनी किंमत खाली येते.

‘भावाला हक्कसोडपत्र करून देतो, म्हणजे प्रश्न मिटला,’ हा विचार गावाकडून येणारा सगळ्यात महागडा सल्ला. मोबदला न घेता सोडलेला हिस्सा म्हणजे देणेकऱ्यांपासून पळवलेली मालमत्ता. दोन वर्षांत केलेलं हक्कसोडपत्र अर्जात लिहावं लागतं आणि वर्षाच्या आत देणेकऱ्यांना चुकवण्याच्या हेतूने केलेलं असेल तर डिस्चार्जच धोक्यात येतो. आधीच केलं असेल तर अर्जाची तारीख पुढे ढकलायची की व्यवहार उलटा करायचा, हे वकील ठरवेल.

अर्जानंतर १८० दिवसांत वारसा मिळाला तर तोही प्रकरणात येतो. १४ दिवसांत कळवावं लागतं. चॅप्टर १३ मध्ये अनेक न्यायालयं योजना संपेपर्यंतचा वारसा धरतात.

मंगळसूत्र, पाटल्या, लॉकरमधलं सोनं?

सगळं यादीत. फेडरल सवलत दागिन्यांसाठी माणशी २,१२५ डॉलरची आहे. सोन्याच्या आजच्या भावात एवढ्यात काय बसतं ते सांगायला नको. वर वाइल्डकार्ड लावता येतं. किंमत सराफाच्या विक्रीभावाची नव्हे, वापरलेला दागिना विकला तर काय येईल ती लिहायची. घडणावळ त्यात येत नाही. सासूबाईंचे दागिने नुसते सांभाळायला तुमच्या लॉकरमध्ये असतील तर ‘दुसऱ्याची वस्तू ताब्यात’ या वेगळ्या रकान्यात लिहितात.

भारतातल्या बँकेचं शैक्षणिक कर्ज आहे, वडिलांनी घर तारण ठेवलंय. सुटका होईल का?

नाही, आणि हे वकिलाच्या टेबलावर नव्हे तर आधीच घरी कळलेलं बरं. तुम्हाला मिळालेला डिस्चार्ज जामीनदाराला लागू होत नाही. शैक्षणिक कर्ज तर अमेरिकेतलं असो वा बाहेरचं, सहसा आपोआप माफ होत नाही. ‘अनड्यू हार्डशिप’ (कर्ज फेडताना होणारी अवाजवी हलाखी) सिद्ध करणारा स्वतंत्र दावा करावा लागतो. भारतातली कोर्टं अमेरिकेच्या डिस्चार्जला बांधील नाहीत. तुम्ही हप्ता थांबवला की बँक वडिलांच्या घरावर जाईल. बहुतेक कुटुंबांत व्यवहार्य मार्ग असा: कार्डांचं कर्ज दिवाळखोरीत काढायचं आणि मोकळा झालेला पैसा या कर्जाकडे वळवायचा.

अमेरिकेतलं कर्ज सोडून भारतात परत गेलो तर?

अमेरिकेच्या कोर्टाचा निकाल भारतात थेट वसूल करता येत नाही, कारण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली अमेरिका अधिसूचित देश नाही. त्या निकालाच्या आधारे भारतात नवा दावा लावावा लागतो. कार्डाच्या रकमेसाठी इतकी यातायात होणं विरळा. मात्र अमेरिकेतलं खातं, ४०१(के) सोडून इतर गुंतवणूक, घर मागे उरलं असेल तर ते तिथेच पकडलं जातं. आणि पुन्हा यायचं असेल तर कर्ज वाट पाहत असतं.

व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्वावर परिणाम होतो?

अर्ज करायला नागरिक असावं लागत नाही. अमेरिकेत राहत असाल किंवा तिथे मालमत्ता असेल तर पुरे. एच-१बी वा एल-१ रद्द व्हायचं दिवाळखोरी हे कारण नाही. नागरिकत्वाच्या एन-४०० मध्ये थकलेल्या कराबद्दल विचारतात, दिवाळखोरीबद्दल नाही. ग्रीन कार्डच्या अर्जात मालमत्ता आणि देण्यांची माहिती द्यावी लागू शकते, म्हणून तो प्रलंबित असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला आधी विचारा. इमिग्रेशनला खरा धोका आहे तो मालमत्ता लपवल्याबद्दल गुन्हा सिद्ध होण्याचा.

अर्जानंतर काय काय होतं?

अर्जाआधीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त संस्थेचा समुपदेशनाचा वर्ग झालेला हवा. घाईत अर्ज आधी आणि वर्ग दुसऱ्या दिवशी केला, एवढ्यावरून प्रकरणं फेटाळली गेली आहेत.

अर्ज पडताच ‘ऑटोमॅटिक स्टे’ लागतो. वसुलीचे फोन, पगारातली कपात, खटले, घराचा लिलाव, सगळं थांबतं. लिलावाच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या अर्जाने घर सहसा परत येत नाही. मागच्या वर्षभरात एखादं प्रकरण फेटाळलं गेलं असेल तर स्टे ३० दिवसच टिकतो. दोन फेटाळली असतील तर लागतच नाही. शेवटच्या ९० दिवसांत पगारातून ६०० डॉलर किंवा जास्त कापले गेले असतील तर ते परत मागता येतात का, हे वकिलाला विचारा.

चॅप्टर ७ मध्ये २१ ते ४० दिवसांत ट्रस्टीसमोर ‘३४१ बैठक’ होते, आता बहुधा झूमवर. न्यायाधीश नसतो. फोटो ओळखपत्र आणि सोशल सिक्युरिटीचा पुरावा लागतो, कर विवरण सात दिवस आधी पोचवायचं. ट्रस्टी विचारतो: सही करण्याआधी अर्ज वाचलात का? सगळी मालमत्ता, सगळी देणी लिहिली आहेत का? अमेरिकेबाहेर काही आहे का? कोणाला पैसे किंवा मालमत्ता दिलीत का? वारसा मिळण्याजोगा आहे का? पाच-दहा मिनिटांत आटपतं. विचारलं तेवढंच, खरं आणि थोडक्यात सांगा. इंग्रजीत अवघडायला होत असेल तर फोनवरचा दुभाषा मोफत मिळतो. मराठी हवाय असं वकिलाकडून आधी कळवा. नवऱ्याने बायकोच्या वतीने उत्तरं दिलेली चालत नाहीत.

त्यानंतर साधारण ६० दिवसांनी डिस्चार्ज. मध्ये दुसरा वर्ग, आर्थिक व्यवस्थापनाचा, करायचा असतो. तो राहिला तर प्रकरण डिस्चार्जविना बंद होतं. मग पुन्हा फी भरून ते उघडून घ्यावं लागतं.

काय माफ होत नाही?

पोटगी, मुलांचा खर्च, बहुतेक शैक्षणिक कर्ज, अलीकडचा आयकर, दारू पिऊन गाडी चालवताना केलेली इजा, फसवणुकीने घेतलेलं कर्ज. जुना आयकर माफ होऊ शकतो: विवरणाची मुदत तीन वर्षांपूर्वीची, विवरण प्रत्यक्ष भरून दोन वर्षं झालेली, आकारणी २४० दिवसांपूर्वीची, तिन्ही अटी हव्यात. कधीकधी दोन आठवडे थांबण्यात हजारो डॉलर वाचतात.

घर आणि गाडी राहील का?

घराचे हप्ते चालू असतील आणि घरातला तुमचा वाटा सवलतीत बसत असेल तर राहतं. फेडरल सवलत माणशी ३१,५७५ डॉलर. टेक्सास आणि फ्लोरिडात किमतीला मर्यादा नाही, जागेच्या आकाराला आहे. पण गेल्या ७३० दिवसांत राज्य बदललं असेल तर नव्या राज्याची सवलत मिळत नाही, आधीच्या राज्याचा नियम लागतो. नोकरीपायी न्यू जर्सीतल्या एडिसनहून टेक्सासमधल्या डॅलसला गेलेल्यांना हा फटका बसतो. गाडीवर कर्ज असेल तर ३० दिवसांत इरादा कळवायचा: परत देणार, एकरकमी सोडवणार की कर्ज पुन्हा मान्य करणार. १८,००० देणं असलेली ११,००० ची गाडी ‘पुन्हा मान्य’ करण्याआधी वकिलाशी नीट बोला. नंतर हप्ता चुकला तर ते कर्ज माफीबाहेर असतं.

नवऱ्यावर किंवा बायकोवर परिणाम?

एकट्याने अर्ज करता येतो, पण घरातल्या दोघांचंही उत्पन्न दाखवावं लागतं. संयुक्त कार्डाचं कर्ज एकाचं माफ झालं की दुसऱ्याच्या गळ्यात पडतं. कॅलिफोर्निया, टेक्सास, वॉशिंग्टन, ॲरिझोना अशा नऊ ‘कम्युनिटी प्रॉपर्टी’ राज्यांत लग्नानंतरची बरीच मालमत्ता एकट्याच्या अर्जातही येते.

मंडळात, ऑफिसात कळेल का?

नोंद सार्वजनिक असते, पण पेसर या न्यायालयांच्या ऑनलाइन प्रणालीवर मुद्दाम शोधल्याशिवाय कोणाला दिसत नाही. मंडळातल्या ज्या मित्राचे पैसे देणं आहे त्याला मात्र न्यायालयाची नोटीस जातेच, कारण देणेकरी म्हणून त्याचं नाव टाळता येत नाही. त्याला पत्र मिळण्याआधी फोन करा. खासगी कंपनी केवळ दिवाळखोरीवरून नोकरीवरून काढू शकत नाही. नवी नोकरी देताना मात्र ती विचारात घेऊ शकते, असा बहुतेक न्यायालयांनी अर्थ लावला आहे.

डिस्चार्जनंतर काय?

क्रेडिट अहवालात चॅप्टर ७ ची नोंद १० वर्षांपर्यंत राहते, चॅप्टर १३ ची सहसा ७ वर्षं. पुन्हा चॅप्टर ७ मध्ये डिस्चार्ज हवा तर आधीच्या अर्जापासून ८ वर्षं जावी लागतात. दोन-तीन महिन्यांनी तिन्ही अहवाल मागवा. माफ झालेल्या प्रत्येक खात्यावर शिल्लक शून्य दिसली पाहिजे, नसेल तर ब्युरोकडे लेखी हरकत घ्या.

जुनं कर्ज विकत घेतलेल्या वसुली कंपन्यांचे फोन वर्षभरानंतरही येतात. पैसे देऊ नका, ‘थोडे तरी देतो’ असंही म्हणू नका. प्रकरण क्रमांक आणि डिस्चार्जची तारीख सांगा, कंपनीचं नाव-पत्ता लिहून घ्या, आदेशाची प्रत रजिस्टर पोस्टाने पाठवा. तरीही मागणी सुरूच राहिली तर वकिलाला कळवा. डिस्चार्जचा आदेश मोडणाऱ्यावर तेच न्यायालय दंड बसवू शकतं आणि वकिलाची फीही त्याच्याकडून वसूल होऊ शकते. म्हणून देणेकऱ्यांच्या यादीसकट पूर्ण अर्ज आणि डिस्चार्जचा आदेश, दोन्ही कागदावर आणि स्कॅन करून कायम जपून ठेवा.